शंभरात त्र्याण्णव

"काका, माझी रेघ ओढली का?"

सिग्नल लाल होता आणि ब्रेडवाला मोपेडवरून एक पाय जमिनीला टेकवून ओरडत होता. मागे ब्रेडचे चार ट्रे दोरीने आवळलेले आणि डोक्यावर हेल्मेट असं घट्ट बसलेलं, की दोन्ही गाल फुगून बाहेर आले होते.

पॅडकाका काही बोलले नाहीत. मोजणी चालू असताना रस्त्यावरच्या माणसाशी बोलायचं नाही, हात करायचा नाही, मानसुद्धा हलवायची नाही, असा नियम होता. त्यांनी नुसती एक उभी रेघ ओढली. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. अशा पाचापाचाच्या जुड्या.

"ओढली! दिसली मला!" असं म्हणत ब्रेडवाला सुटला आणि मागून हॉर्नचा गोंधळ उठला.

काकांचं काम ऐकायला सोपं होतं. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला चौकातल्या विजेच्या पेटीशेजारी उभं राहायचं. आठ ते नऊ दुचाक्या, नऊ ते दहा चारचाक्या. हातात परीक्षेला पोरं नेतात तसलं पॅड, त्यावर रस्ता सुरक्षा ऑफिसचा छापील कागद. दुचाकीला तीन खाने: हेल्मेट आहे, हेल्मेट नाही, आणि आहे पण पट्टा मोकळा. पट्टा मोकळा असलेलं हेल्मेट आणि डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं, दोन्ही सारखंच, असं काका म्हणत. कोपराला लटकवलेलं हेल्मेट 'नाही'मध्ये जायचं. कोपर फुटून आजवर कोणी मेलेलं नाही. चारचाकीला चालवणाऱ्याचा पट्टा आणि शेजारच्याचा पट्टा. बस, एवढंच. पण दोन तास डोळ्याचं पातं लवू न देता उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

त्याआधी सव्वीस वर्षं काका वजनकाट्यावर होते. भरलेले ट्रक यायचे, लोखंडी पाटावर उभे राहायचे आणि खिडकीतून काका आकडा वाचायचे. ट्रकवाल्यांनी त्यांना गोड बोलून पाहिलं, दमात घेऊन पाहिलं. काका एक किलो इकडचा तिकडे करत नसत. मालक वैतागून म्हणायचा, "तू माणूस नाहीसच, तू काट्याचाच एक भाग आहेस." तो रागाने म्हणायचा, पण काकांनी ते वाक्य मनात घडी घालून जपून ठेवलं होतं. नव्या माणसाला ते पहिला धडा एकच द्यायचे, "ट्रक काट्यावर असताना आपला पाय पाटावर ठेवायचा नाही. ठेवलास की तुझं वजन त्यात गेलं. मग आकडा कितीही झोकात येऊ दे, तो खोटा." पुढे आपोआप आकडा छापणारं यंत्र आलं आणि काका घरी बसले. बसले म्हणजे सहा महिने. मग हे मोजणीचं काम मिळालं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

मूळ नियम असा, की मोजणारा माणूस दर तीन महिन्यांनी दुसऱ्या चौकात हलवायचा. पण काकांचा उजवा गुडघा कुरकुरणारा. हा चौक घरापासून दहा मिनिटांवर, झाडाची सावली, टेकायला विजेची पेटी. काकांनी एकदा अर्ज केला, ऑफिसने एकदा हो म्हटलं, आणि मग ते कागद कोणी पुन्हा उघडलेच नाहीत.

त्या सोमवारी आठ बावीसला पिवळी स्कूटर आली. घड्याळ लावून घ्यावं अशी. चालवणारी बाई पन्नाशीला टेकलेली, पायाशी वह्यांची पिशवी, म्हणजे शिक्षिका असणार. सिग्नलला थांबली की ती काकांकडे बघून हनुवटी किंचित वर करायची. हनुवटीखाली पट्ट्याचं बक्कल चमकायचं. सहा वर्षं हे असंच. काका समजायचे, हा तिचा नमस्कार. आपल्याला मान हलवायची परवानगी नाही हे बाईला कळलेलं आहे, म्हणून बिचारी आपल्या वाट्याचा नमस्कार करून जाते. काका तिची रेघ जरा नीट, ठसठशीत ओढायचे. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण ओळख म्हणाल तर पक्की.

दहाला मोजणी संपली तेव्हा ऑफिसची मॅडम स्वतः आली. तरुण, चटपटीत मुलगी. कुठल्याही कागदात चूक दिसली की हिला शिंक यायची म्हणतात.

"काका, आधी बसा," ती म्हणाली.

"कुठे? पेटीवर? करंट बसेल."

"मग उभ्यानेच ऐका. तुमचा चौक पहिला आला. चाळीस चौकांत पहिला! शंभरात त्र्याण्णव हेल्मेटं. दुसऱ्या नंबरला किती आहेत माहितीये? अठ्ठावन्न."

काका पॅडवरचा कागद सरळ करत राहिले. "पहिल्या वर्षी एकेचाळीस होते."

"तेच तर! पुढच्या बुधवारी कार्यक्रम आहे, तुम्हाला स्टेजवर बोलावणार. आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. सर म्हणाले, नवीन मोजणाऱ्यांना शिकवायला हाच माणूस बसवा. ऑफिसात खुर्ची, डोक्यावर पंखा, महिन्याचा पगार."

"आणि इथे?"

"इथे आता कशाला काही? यंदा दहा चौकांत कॅमेरे लावायचेत, ज्यांचे आकडे वाईट आहेत तिथे. तुमच्या चौकाचं नाव त्या यादीतून काढून टाकलं. हा चौक सुधारला, काका. तुमच्या डोळ्यांदेखत सुधारला."

घरी जाताना गुडघा दुखत होता, पण तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

काकू कपडे दुरुस्तीचं काम करायच्या. पँटची लांबी कमी करणं, चेन बसवणं, झिजलेली कॉलर उलटून लावणं. बातमी ऐकून त्यांनी मशीन थांबवलं. मशीन त्या सहसा थांबवत नसत.

"खुर्चीला पाठ आहे का?"

"अगं, मी अजून बघितली कुठे?"

"बघून घ्या. या ऑफिसवाल्यांचं काही सांगता येत नाही, खुर्ची म्हणतील आणि स्टूल देतील. उशी शिवून ठेवते." मग जरा थांबून म्हणाल्या, "नऊ वर्षं तुमच्या त्या गुडघ्याला तेल चोळतेय मी. आता तरी माझे हात मोकळे होतील."

त्याच दुपारी त्यांनी उरलेल्या कापडांतून चौकोन कापले. दोन दिवसांत उशी तयार. निळी, कडेला लाल पट्टी.

शुक्रवारी आठ बावीसला पिवळी स्कूटर आली नाही.

साडेआठ झाले, नाही. सुट्टी असेल, ताप असेल, काकांनी मनाला समजावलं आणि रेघा ओढत राहिले. नऊनंतर चारचाक्या. एक जाडजूड गृहस्थ काकांना बघून घाईघाईने पट्टा छातीवरून ओढून हाताने धरून बसले. बक्कल लावलंच नाही. काकांच्या मनात नेहमीसारखंच आलं, हे असे का करतात? आणि नेहमीसारखंच त्यांनी ते सोडून दिलं. मोजणाऱ्याने 'का' विचारायचं नसतं.

मोजणी संपल्यावर ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. चहावाला भांडं विसळत होता.

"पिवळ्या स्कूटरवाली बाई आज दिसली नाही रे."

चहावाल्याचा हात थांबला. "तुम्हाला कळलं नाही होय? परवा, बुधवारी. इथेच, त्या वळणावर. बारीक खडी पडली होती. स्कूटर घसरली. वेग पण नव्हता हो. पण डोकं कडेच्या दगडावर आपटलं."

"हेल्मेट होतं ना?"

"होतं."

"मग झालं."

"डिकीत होतं, काका."

काकांनी ग्लास खाली ठेवला. "काहीतरी ऐकीव सांगू नकोस. सहा वर्षं बघतोय मी तिला. एक दिवस चुकलेली नाही ती. तू माझे कागद काढून बघ."

"ऐकीव नाही. मीच उचललं तिला. डिकीतून तिचा फोन काढायला गेलो, तर वर हेल्मेट होतं." चहावाला हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी आणि शुक्रवारी नाही चुकली ती. तुम्ही तेच दोन दिवस बघता."

टपरीवर दोघं-तिघं होते, ते ग्लासात बघायला लागले.

चहावाल्याने हात पुसले आणि खिशातून फोन काढून काकांपुढे धरला. कसलासा ग्रुप होता, तीनशेच्या वर माणसं. चहावाला बोटाने वर वर सरकवत गेला. सोमवार, सात पंचावन्न: 'काका आले.' शुक्रवार, सात चोपन्न: 'काका आले.' सोमवार: 'काका आले.' महिन्यामागे महिने तेच.

"हे कोण लिहितं?"

"मीच की. कोणाचं वाईट नाही ना होत त्यात?"

"मी पोलीस नाही. मी दंड करत नाही. मी नुसता मोजतो!"

"ते सगळ्यांना माहितीये. सुरुवातीला भीती होती, नंबर लिहून घेता म्हणून. आता भीती नाही. आता लाज वाटते. तुम्ही काही बोलत नाही ना, नुसते बघता. बोलला असता तर लोक दोन शिव्या हासडून मोकळे झाले असते. न बोलणाऱ्या म्हाताऱ्यासमोर उघड्या डोक्याने जायचं म्हणजे... बापासमोर विडी ओढल्यासारखं वाटतं."

"बाई कशी आहे?"

"आहे. घरी आणतील म्हणतात. माणसं ओळखते. शब्द सापडत नाहीत."

काका वाटभर त्या हनुवटीचाच विचार करत होते. ती वर करायची, बक्कल दिसायचं. नमस्कार कसला? बाई दाखवत होती. बघा, लावलाय. सहा वर्षं ती त्यांना पट्टा दाखवत होती आणि ते खुळ्यासारखे नमस्कार घेत होते.

शनिवारी मोजणी नसायची. शनिवारी पावणेआठलाच काका चौकातल्या न्हाव्याच्या दुकानात शिरले, मागच्या गल्लीच्या दाराने. पॅड सदऱ्याच्या आत, पोटाशी.

"दाढी," काका म्हणाले, "आणि नऊ वाजेपर्यंत चालली पाहिजे."

न्हाव्याने घड्याळ बघितलं, मग काकांचे गाल. "काका, एवढ्या वेळात मी अख्ख्या वऱ्हाडाची करतो."

"तू फेस लावून ठेव. वाळला की परत लाव."

दुकानाचा आरसा रस्त्याकडे तोंड करून होता. खुर्चीत बसलं की पाठीमागचा अख्खा चौक आरशात दिसायचा, सिग्नलसकट. काकांच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, तोंडाला डोळ्यांपर्यंत फेस, आणि कापडाखाली पॅड. बाहेरून बघणाऱ्याला फेसाचा एक गोळा तेवढा दिसला असता.

आठला काकांनी सुरुवात केली. रेघ कापडाखाली ओढायची, ती जागेवर पडते का नाही हे अधूनमधून कापड उचलून बघायचं. न्हावी प्रत्येक वेळी दचकायचा.

"हसू नको, वस्तरा लागेल मला," काका म्हणाले.

"वस्तरा अजून उघडलाच नाही मी. काका, एक विचारू? तुम्ही लपून कोणाला बघताय?"

"मी नसताना चौक कसा दिसतो ते बघतोय."

न्हावी ब्रशने फेस फिरवत राहिला.

ब्रेडवाला आला. हेल्मेट कोपराला, केस वाऱ्यावर, तोंडात गाणं. एका मोटरसायकलवर तिघं, तीन डोकी, तिन्ही उघडी. औषधांच्या दुकानातला माणूस आला. काकांच्या कागदावर हा माणूस नऊ वर्षं 'आहे'मध्ये होता. आज त्याच्या डोक्यावर नुसतं टक्कल चमकत होतं. एक जण हेल्मेटमध्ये टोमॅटो घेऊन चालला होता. ज्या वळणावर तीन दिवसांपूर्वी बाई पडली होती, तिथे खडी तशीच होती आणि सगळे तिला सराईतपणे वळसा घालून जात होते. त्यांनी लक्षात ठेवलं ते एवढंच.

आठ बावीसला काकांची नजर आरशात उगाच वळणाकडे गेली.

नऊला त्यांनी जुड्या मोजल्या. दोनशे बारा दुचाक्या. हेल्मेट पट्ट्यासकट: सहासष्ट. शंभरात एकतीस. नऊ वर्षांपूर्वी एकेचाळीस होते.

"करू आता दाढी?" न्हाव्याने विचारलं.

"कर," काका म्हणाले, आणि डोळे मिटले.

रविवारी जेवताना त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पोळी मोडता मोडता म्हणाल्या, "तुम्ही खोटं लिहिलंत का?"

"नाही."

"जे दिसलं ते लिहिलंत ना?"

"दिसलं ते खरं होतं, अगं. मोजलं ते खोटं झालं."

"मला नका शिकवू हे काट्याचं तत्त्वज्ञान. ऑफिसने विचारलंय का तुम्हाला? नाही. आरशात बघायला कोणी सांगितलं होतं? नाही. लोक तुम्हाला बघून टोपी घालतात, यात तुमचा काय गुन्हा? चांगलंच आहे की ते!"

"कॅमेरा जाईल दुसरीकडे."

"जाऊ दे."

"बाई पडली तिथे, तो बुधवार होता."

काकूंनी ताट पुढे सारलं. "त्या खुर्चीची उशी शिवलीय मी," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि उठून मशीनवर जाऊन बसल्या. पण मशीनचा आवाज काही आला नाही.

सोमवारी काकांनी नेमाने मोजणी केली. शंभरात चौऱ्याण्णव. मग दोन्ही कागद घेऊन ते ऑफिसात गेले. मॅडमने ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तिला खरंच शिंक आली. ती त्यांना सरांकडे घेऊन गेली.

सर म्हणजे माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या अंगावर परवाच्या बुधवारचा कार्यक्रम होता. त्याने शनिवारचा कागद दोन बोटांत धरला.

"हे तुम्ही न्हाव्याच्या दुकानातून मोजलंत? आरशात बघून?"

"हो साहेब."

"आरशातलं आम्ही धरायचं? आरशात सगळं उलटं दिसतं."

"डावं-उजवं उलटं दिसतं, साहेब. डोकं उघडं आहे का झाकलेलं, ते उलटं दिसत नाही."

मॅडम खाली बघून ओठ चावायला लागली.

"तुम्हाला कळतंय का याचा अर्थ काय होतो?" सरांनी खुर्ची पुढे ओढली. "नऊ वर्षांचे तुमचे कागद बाद. पहिला नंबर बाद. मी वरती काय सांगू? हा कागद आलाच नाही असं समजलं तर कोणाचं काय बिघडतं?"

काका उभेच होते. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. "साहेब, मी वजनकाट्यावर होतो. तिथे पहिला धडा असायचा, की माल मोजताना आपला पाय पाटावर ठेवायचा नाही. मी दुसऱ्यांना शिकवायचो हे. आणि नऊ वर्षं माझाच पाय पाटावर होता. मला कळलं नाही, ती माझी चूक. हलवा म्हणून नियम होता, मी गुडघा दाखवून हललो नाही, ती पण माझीच. आता कळल्यावर गप्प बसलो, तर मात्र ती चूक राहत नाही."

सरांनी दोन्ही कागद टाचणीने एकत्र टोचले.

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. चौकाचे नऊ वर्षांचे आकडे रद्द. चौकाचं नाव कॅमेऱ्याच्या यादीत परत, पण दहा नावं वर गेली होती, म्हणून हा अकरावा. म्हणजे पुढच्या वर्षी. मोजणीसाठी काका बाद, कारण ओळखीचा झालेला मोजणारा चालत नाही.

"आणि शिकवायला?" मॅडमने विचारलं. "सर, यांच्याइतकं चांगलं कोण शिकवेल?"

"मला पटतंय. पण ज्याचं रेकॉर्ड रद्द झालं त्याचं नाव मी वर कसं पाठवू?"

मॅडम फाटकापर्यंत सोडायला आली. काकांनी पॅड पुढे केलं. "हे जमा करायचं ना?"

पॅड ऑफिसचं होतं, मागे नंबर घातलेलं. मॅडमने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हरवलं असं लिहिते मी, काका." तिने आयुष्यात लिहिलेली ही पहिलीच चूक असावी.

काकूंनी दोन दिवस अबोला धरला. अबोला म्हणजे जेवायला वाढलं, संध्याकाळी गुडघ्याला तेलही लावलं, पण तोंडातून शब्द नाही. निळी उशी त्यांनी स्वतःच्या स्टुलावर टाकली आणि तिच्यावर बसून शिवत राहिल्या.

बुधवार उजाडला. कार्यक्रमाचा बुधवार. दुसऱ्या कोणत्या तरी चौकाच्या माणसाला आज स्टेजवर बोलावणार होते, शंभरात अठ्ठावन्नवाल्याला. काका साडेसातला सदरा घालून तयार झाले आणि कपाटावरून पॅड काढलं.

"कुठे?" काकूंचा अबोला सुटला.

"चौकात."

"पैसे कोण देणार?"

"कोणी नाही."

"मग मोजून कागद कुठे देणार?"

"मोजणार नाही. नुसता उभा राहीन. कॅमेरा लागेपर्यंत."

"वर्षभर?"

"बघू. गुडघा म्हणेल तसं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. चिडलेल्या होत्या, ते तोंडावर दिसत होतं. मग त्या उठल्या, काकांच्या हातातून पॅड ओढून घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"रिकामं पॅड लांबूनसुद्धा ओळखू येतं हो. वेडी आहेत का माणसं?" कापड बेतायला त्या खाकी कागद वापरायच्या. त्यातला एक तुकडा त्यांनी काढला, कोणाच्या तरी शर्टाची कॉलर पेन्सिलने आखलेला, आणि पॅडच्या चिमट्यात नीट बसवला. "आणि सोमवार-शुक्रवारचा नाद सोडा आता. कधी मंगळवार, कधी शनिवार. वार बदलत राहा. माणसाला कळता कामा नये, आज आहे का उद्या. एवढं साधं त्या ऑफिसला सुचलं नाही नऊ वर्षांत!"

काकांनी पॅड काखेत मारलं. दारातून वळून म्हणाले, "तुला बसवायला पाहिजे होतं त्या खुर्चीवर."

"निघा."

पेटीशेजारी सावली होती तशीच होती. चहावाल्याने काकांना बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, परत काकांना बघितलं. मग उघड्या तोंडानेच त्याने फोन काढला. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने फोन परत खिशात टाकला.

आठ दहाला ब्रेडवाला वळणावरून आला, हेल्मेट कोपराला, गाणं तोंडात. काका दिसले आणि गाणं मध्येच तुटलं.

"अरे देवा, आज बुधवार ना?" त्याने मोपेड कडेला घेतली, ट्रे डगमगले, आणि कोपरावरचं हेल्मेट डोक्यात खुपसून तो पट्टा चाचपत राहिला. त्याच्या मागच्याने ते बघितलं, वर बघितलं, त्यानेही गाडी बाजूला घेतली. मग त्याच्या मागची एक मुलगी. औषधवाल्याने डिकी उघडली.

"काका, बुधवारी पण चालू केलं?" ब्रेडवाला ओरडला. गाल परत फुगले होते. "रेघ ओढली का माझी?"

आता बोलायला काही हरकत नव्हती. नियम सुटला होता, नोकरीही सुटली होती. काका बोलले नाहीत.

आठ बावीसला त्यांची नजर वळणाकडे गेली. खडी कोणीतरी झाडून कडेला लावली होती. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, परत लाल झाला. काकांनी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला, पॅड छातीशी धरलं, आणि खाकी कागदावर, कॉलरच्या रेषेच्या आत, एक उभी रेघ ओढली.